विश्लेषण : ४२.३४ मीटरवरचा भूमिगत रेडिओ नेमका चालत कसा होता? उषा मेहता यांनी तो कसा उभा केला?

ऑगस्ट महिना आला की ‘चले जाव’ आंदोलनाच्या आठवणी निघतात आणि त्यात हमखास एक नाव येते, उषा मेहता. मुंबईतून गुप्त रेडिओ चालवणारी २२ वर्षांची विद्यार्थिनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘ऐ वतन मेरे वतन’ हा चित्रपट आल्यानंतर ही गोष्ट नव्या पिढीच्या मोबाइलवरही पोहोचली. पण हा रेडिओ तांत्रिकदृष्ट्या चालत कसा होता, तो बांधला कोणी, पोलिसांना इतके दिवस सापडला का नाही आणि शेवटी सापडला कसा, हे प्रश्न बहुतेक वेळा मागेच राहतात. त्यांची उत्तरे शोधताना एका हौशी रेडिओवाल्याची गोष्टही सांगावी लागते.

उषा मेहता कोण होत्या?

२५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा सगळा भाग मुंबई इलाख्यातच होता. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश, त्यामुळे घरातून चळवळीत उघडपणे उतरणे सोपे नव्हते. पाच वर्षांच्या असताना अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी गांधीजींना पहिल्यांदा पाहिले. १९२८ मध्ये, आठव्या वर्षी, सायमन कमिशनच्या विरोधात निघालेल्या मोर्चात त्या चालल्या.

लहानपणचा एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. मुलांच्या प्रभातफेरीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि झेंडा हातात धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुले चिडली. मोठ्या माणसांनी यावर तोड काढली आणि मुलांना खादीचे तिरंगी कपडेच शिवून दिले. अंगावरच झेंडा असल्यावर तो खाली पाडणार कसा? पुढच्या फेरीला मुले तेच कपडे घालून निघाली. मिठाच्या सत्याग्रहात घरच्या बायकांबरोबर मीठ तयार करून त्याच्या पुड्या विकणे, दारूच्या दुकानांपुढे निदर्शने करणे, हेही त्यांनी त्याच वयात केले.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आले. इथे उषाबेनची कामे वेगळी होती. गुप्त पत्रके वाटायची, तुरुंगात असलेल्यांच्या नातेवाइकांना भेटायचे, त्यांचे निरोप आत-बाहेर पोहोचवायचे. पुढे रेडिओवर त्यांनी जे केले, त्याची तालीम इथेच झाली असे म्हणायला हरकत नाही. निरोप अडवला गेला तर चळवळ लंगडी होते, हे त्यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षीच पाहिले होते. १९३९ मध्ये विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि कायद्याच्या अभ्यासाला लागल्या. तो अभ्यास १९४२ मध्ये सुटला.

रेडिओच का?

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गोवालिया टँक मैदानावर ठराव मंजूर झाला. ९ तारखेला पहाटेच गांधीजींसह काँग्रेसचे बहुतेक मोठे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, काही बंद पडली, उरलेल्यांनी जपून लिहिले. कुठे काय चालले आहे हे लोकांना कळेना. ऑल इंडिया रेडिओ सरकारचाच. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही तरुण मंडळी त्याला अँटी इंडिया रेडिओ म्हणत.

दुसऱ्या देशांच्या चळवळींचा इतिहास वाचून उषाबेन आणि त्यांचे मित्र या निष्कर्षावर आले होते की आपले स्वतःचे प्रक्षेपण केंद्र हवे. पत्रक एका गल्लीपुरते, आवाज मात्र हद्दी ओलांडतो. अडचणी दोन होत्या. पैसा आणि तंत्रज्ञ. पैशासाठी एका नातेवाईक बाईंनी अंगावरचे दागिने देऊ केले. ते घेतले नाहीत. विठ्ठलदास खाकर, ज्यांना सगळे बाबूभाई म्हणत, त्यांनी इतर मार्गाने पैसे उभे केले. तंत्रज्ञ मिळणे जास्त कठीण होते.

ट्रान्समीटर बांधला कोणी?

नरिमन प्रिंटर नावाच्या पारशी तंत्रज्ञाने. हे गृहस्थ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले होते. हॅमकडे सरकारचा परवाना असतो, स्वतःची कॉल साइन असते आणि तो स्वतः बांधलेल्या किंवा विकत आणलेल्या संचावरून जगभरातल्या इतर हौशींशी बोलतो. प्रिंटर यांची कॉल साइन व्हीयू२एफयू होती.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि सरकारने हौशी रेडिओवर गदा आणली. नवे परवाने बंद झाले, आहेत त्यांनी आपले ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करावेत असे लेखी आदेश निघाले. कारण सरळ होते. युद्धात ज्याच्याकडे ट्रान्समीटर तो संशयित. तरीही प्रिंटर यांनी गांधीविचारांची गाणी आणि सेन्सॉर न झालेल्या बातम्या ऐकवणारे एक छोटे केंद्र चालवून पाहिले. त्याचे नाव ‘आझाद हिंद रेडिओ’. नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या जर्मनीतील केंद्राचे नावही तेच असल्याने इथे अनेकांचा घोळ होतो. ही दोन केंद्रे वेगळी. प्रिंटर यांचे केंद्र सरकारने लगेच बंद पाडले आणि सामान जप्त केले.

सामान गेले, पण ट्रान्समीटर कसा बांधायचा हे डोक्यात आणि बोटांत शिल्लकच होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषाबेनच्या गटाला नेमके तेच हवे होते.

याची किंमत कळायला थोडी कल्पना करून पाहा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आमच्या प्रयोगशाळेत साधा एएम मॉड्युलेटर चालवून दाखवायचा होता. तयार पॉवर सप्लाय, तयार किट, हाताशी इंटरनेट आणि डोक्यावर सर, एवढे असूनही निम्म्या वर्गाची आउटपुट वेव्ह वेडीवाकडीच आली होती. इथे युद्धकाळ, रेडिओचा प्रत्येक सुटा भाग घेताना विचारपूस आणि चूक झाली तर गाठ सीआयडीशी. काही साहित्य शिकागो रेडिओ या मुंबईच्या कंपनीच्या नानक मोटवाने यांच्याकडून आले. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी ही कंपनी, त्यामुळे ओळख जुनी होती.

४२.३४ मीटरच का?

कार्यक्रमाच्या सुरुवातीला उषाबेन सांगत की हा काँग्रेस रेडिओ आहे आणि तो ४२.३४ मीटरवर, भारतात कुठून तरी बोलत आहे. पत्ता मुद्दामच मोघम.

हा आकडा मात्र बरेच काही सांगून जातो. ४२.३४ मीटर ही तरंगलांबी. प्रकाशाच्या वेगाला तिने भागले की वारंवारता मिळते, साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी रेडिओच्या जगात हा भाग ४० मीटरचा बँड म्हणून ओळखला जातो आणि आजही भारतातील हॅम तिथे एकमेकांशी बोलतात. हौशी माणसाने बांधलेला संच हौशींच्याच बँडमध्ये बोलू लागला, हा योगायोग वाटत नाही. ज्या वारंवारतेच्या कॉइल, ज्या लांबीचे एरियल हाताला सवयीचे, तेच माणूस घाईत बांधणार.

या लघुलहरींचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, दुसरा फायदा अंतराचा. मध्यम लहरी, ज्यांवर आपले जुने मुंबई ‘अ’ आणि ‘ब’ केंद्र लागायचे, त्या दिवसा फार लांब जात नाहीत. लघुलहरी वर जातात, वातावरणाच्या खूप वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतात. सात मेगाहर्ट्झच्या लहरींना दिवसा खालचा एक थर बराच शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि पल्ला एकदम वाढतो. संध्याकाळनंतरचे प्रक्षेपण त्यामुळेही सोयीचे. लोक घरी असतात हे कारण तर होतेच. चौपाटीजवळच्या खोलीतून निघालेला आवाज ब्रह्मदेशापर्यंत ऐकू जाई, असे सांगितले जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात अशक्य काही नाही.

तोटा असा की अशा लहरीसाठी नीट काम करणारे साधे एरियल साधारण २१ मीटर लांब लागते. २१ मीटरची तार मुंबईत कोणाच्या नजरेस न पडता टांगायची म्हणजे उंच इमारत हवी, ओळखीची जागा हवी आणि शेजाऱ्यांनी चौकशी करायला नको.

ऐकणाऱ्यांकडे किती रेडिओ होते, हाही प्रश्न आहेच. त्या काळी घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलाही वार्षिक परवाना लागे. पोस्टात जाऊन तो भरल्याचे आपल्या आजी-आजोबांना आठवत असेल. त्यामुळे एका संचाभोवती दहा माणसे, आणि त्या दहांकडून बातमी पुढे.

काय ऐकवले जात होते?

बहुतेक नोंदींनुसार पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्ट १९४२ रोजी झाले. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’ आणि मधे बातम्या, भाषणे, सूचना. हिंदुस्तानी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. काँग्रेसच्या मुंबईतील भूमिगत कार्यालयातून आणि ठिकठिकाणच्या निरोप्यांकडून मजकूर येई.

बातम्यांची यादी पाहिली तर या रेडिओची गरज वेगळी सांगावी लागत नाही. चितगाववरचा जपानी हवाई हल्ला, जमशेदपूरच्या कामगारांचा संप, बलियामध्ये लोकांनी काही दिवस हाती घेतलेला कारभार. आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, आष्टी आणि चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूरमध्ये जमाव आणि पोलिसांत रक्तपात झाला. त्यानंतर चिमूरमध्ये शिरलेल्या फौजेने गावावर, विशेषतः बायकांवर जे अत्याचार केले, ते छापायची वृत्तपत्रांना मुभा नव्हती. काँग्रेस रेडिओने ते सांगितले. चिमूरचे नाव मुंबईत, आणि मुंबईबाहेरही, असे हवेतून पोहोचले.

थोड्याच दिवसांत डॉ. राममनोहर लोहिया या गटाशी जोडले गेले आणि कामाला राजकीय शिस्त आली. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धनही भूमिगत राहून यात होते. आता बातम्यांबरोबर विद्यार्थी, कामगार, शेतकरी, सैनिक अशा एकेका वर्गाला उद्देशून मजकूर जाऊ लागला.

पोलिसांना सापडत का नव्हता?

सरकारला पहिल्या काही दिवसांतच सुगावा लागला होता. ऐकणारे कर्मचारी नेमले गेले, रोजचे प्रक्षेपण उतरवून घेतले जाऊ लागले. ट्रान्समीटरची दिशा शोधणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या.

ही गाडी काम कशी करते? तिच्यावर फिरवता येणारे वर्तुळाकार एरियल असते. ते फिरवत गेले की एका विशिष्ट दिशेला आवाज एकदम बारीक होतो आणि त्यावरून ट्रान्समीटर कोणत्या रेषेवर आहे ते कळते. दुसऱ्या जागेवरून तेच करायचे. नकाशावर दोन रेषा जिथे छेदतात, तिथे छापा घालायचा. मोबाइल टॉवरवरून फोनचे ठिकाण काढण्याची पद्धत वेगळी, पण कल्पनेच्या मुळाशी थोडेफार हेच आहे. यातली मेख अशी की ट्रान्समीटर चालू असेपर्यंतच तो शोधता येतो. बंद झाला की गाडी आंधळी.

म्हणून उत्तर एकच. कमी वेळ बोलायचे आणि जागा बदलायची. चौपाटीवरच्या सी व्ह्यू इमारतीतून सुरुवात झाली. मग लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, वाळकेश्वरचा रतन महल, गिरगावातील पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मी देवळाजवळचा पॅराडाइज बंगला. या सगळ्या जागा एकमेकांपासून फार लांब नाहीत. गिरगाव-वाळकेश्वर-महालक्ष्मी एवढ्याच पट्ट्यात त्या फिरल्या. शिवाय ध्वनिमुद्रण एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी, अशी विभागणी होती. छापा पडला तरी सगळे एकदम सापडू नयेत.

ही व्यवस्था गाड्यांपुढे टिकली. माणसापुढे मात्र टिकली नाही.

मग १२ नोव्हेंबरला काय झाले?

एक ट्रान्समीटर पकडला गेला तर दुसरा तयार असावा, म्हणून पर्यायी संच बांधायचे ठरले होते. त्याच सुमारास तंत्रज्ञ पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने त्यांना वाट दाखवली. हे तंत्रज्ञ म्हणजे नरिमन प्रिंटर. पुढे खटल्यात ते माफीचे साक्षीदार झाले.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी आधी बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा घातला. उषाबेन तिथेच होत्या. संध्याकाळच्या कार्यक्रमाचा मजकूर घेऊन त्या शिताफीने बाहेर पडल्या आणि थेट ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या, जिथे लोहिया आणि इतर सहकारी होते. त्यांना सावध केले. तिथून पुढे गायब होणे शक्य होते. त्या चंद्रकांत झवेरींबरोबर पॅराडाइज बंगल्यावर गेल्या आणि ठरलेला कार्यक्रम सुरू केला. बातम्या झाल्या, भाषण झाले, ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागली आणि दारावर धडका बसू लागल्या. दरवाजे फोडून पोलिस आत आले, तबकडी थांबवायला सांगितले. त्यांनी थांबवली नाही.

पोलिसांनी यंत्रे तर नेलीच, शिवाय काँग्रेस अधिवेशनांच्या ध्वनिचित्रफिती आणि छायाचित्रांच्या २२ पेट्याही नेल्या. जेमतेम अडीच महिने चाललेला रेडिओ बंद झाला.

प्रिंटर यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि त्यांच्या साक्षीमुळे माणसे तुरुंगात गेली हे नाकारता येत नाही. पण ते नसते तर हा रेडिओ सुरूच झाला नसता, हेही तितकेच खरे. ज्याच्या एकट्याच्या हातात सगळे तंत्र असते, त्याच्यावरच पोलिसांचा सगळा दाब येतो. गटात असे आणखी दोन-तीन जण तयार करायला अडीच महिने पुरले नाहीत.

चौकशीत आणि खटल्यात काय घडले?

उषाबेनना सहा महिने एकांतात ठेवून चौकशी झाली. प्रश्न तेच ते. आणखी कोण होते, पैसा कोणी दिला, लोहिया कुठे आहेत? नावे सांगितली तर शिकायला परदेशी पाठवू, असे आमिषही दाखवले गेले. त्या बोलल्या नाहीत. न्यायालयात त्यांनी आधी विचारून घेतले की प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे का. नाही, असे कळल्यावर त्यांनी जाहीर केले की मग एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, स्वतःच्या बचावासाठीही नाही. लोहिया पोलिसांच्या हाती लागले ते १९४४ मध्ये.

१९४३ मध्ये विशेष न्यायालयाने निकाल दिला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष. विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. उषाबेनची रवानगी येरवड्याला झाली. तिथे प्रकृती ढासळली, उपचारासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणावे लागले, बरे वाटताच पुन्हा येरवडा. १९४६ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांताचे गृहमंत्री झालेल्या मोरारजी देसाईंनी त्यांची सुटका केली.

१५ ऑगस्ट १९४७ ला त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दिल्लीच्या समारंभाला जाता आले नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी काय केले?

सत्तेच्या राजकारणात त्या उतरल्या नाहीत. तब्येतीचे कारण होते, तसा कलही नव्हता. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. केली, चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात सुमारे ३० वर्षे शिकवले, पुढे विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. लग्न केले नाही, खादी सोडली नाही. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. चित्रपट दिग्दर्शक केतन मेहता हे त्यांचे पुतणे.

गंमत म्हणजे हौशी रेडिओचे नियम आजही त्यांना आडवे आले असते. परीक्षा देऊन हॅमचा परवाना कोणालाही मिळू शकतो, पूर आणि वादळात ही मंडळी प्रशासनाला मदतही करतात. पण त्या परवान्यावर लोकांसाठी प्रसारण करता येत नाही, त्यावर गाणी किंवा राजकीय प्रचार तर नाहीच. काँग्रेस रेडिओ १९४२ मध्ये बेकायदा होता, तसा तो आज हॅमच्या परवान्यावरही बेकायदाच ठरेल.

निवृत्तीनंतर त्यांचा मोठा काळ मणिभवनात गेला. मुंबईतील गांधीजींच्या मुक्कामाचे हे घर आता संग्रहालय आहे आणि उषाबेन त्याच्या अध्यक्ष होत्या. मणिभवन लॅबर्नम रोडवर आहे, अजित व्हिला होता त्याच रस्त्यावर. गोवालिया टँक, म्हणजे आताचे ऑगस्ट क्रांती मैदान, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

दर ९ ऑगस्टला त्या मैदानावर जात. २००० साली अंगात ताप होता, तरी गेल्या. घरी परतल्या त्या थकूनच. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८० व्या वर्षी मुंबईतच त्यांचे निधन झाले.